राजेही ज्या थडग्याला वळसा घालतात

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत १०६६ पासून राज्याभिषेक होत आले आहेत. तीन हजारांहून अधिक माणसं इथे पुरलेली आहेत. न्यूटन आणि डार्विन आहेतच. २०१८ मध्ये देव न मानणाऱ्या स्टीफन हॉकिंग यांच्या अस्थीही त्यांच्याजवळ ठेवल्या गेल्या! जमिनीवरच्या इतर थडग्यांवरून लोक चालतात. पाय ठेवायला मनाई आहे ती एकाच शिळेवर.

पहिल्या महायुद्धात मारला गेलेला एक ब्रिटिश सैनिक फ्रान्समधून आणून ११ नोव्हेंबर १९२० रोजी तिथे पुरला. नाव, हुद्दा काहीच माहीत नाही. ज्यांना मुलाचा मृतदेहही मिळाला नाही, अशा आयांना तो आपलाच मानता आला. ॲबेचं मोठेपण राजमुकुटापेक्षा या थडग्यात जास्त आहे. २०२३ मध्ये राज्याभिषेकाला आलेले चार्ल्सही त्याला वळसा घालूनच पुढे गेले.