वृद्ध कुत्र्यांचे जुनाट आंत्रविकार आणि तालुक्याचा दवाखाना

तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा थांबून थांबून पुन्हा उद्भवणारी हगवण, उलटी, मंदावलेली भूक आणि घटणारे वजन ही लक्षणे जंत, मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड व अंतःस्रावी ग्रंथी यांचे आजार वगळल्यानंतरही उरत असतील, तर कुत्र्यातील त्या स्थितीस जुनाट आंत्रविकार असे म्हटले जाते. चिकित्सेचा क्रम या व्याख्येतच सांगितलेला आहे: प्रथम इतर कारणे वगळावयाची, मग आहार बदलून पाहावयाचा आणि त्यानंतरच औषधांकडे वळावयाचे. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. ढाळ लागली म्हणून घरचे कुत्र्याला घेऊन येतात, सलाईन, एखादे प्रतिजैविक आणि उलटी थांबवणारे इंजेक्शन दिले जाते, चार दिवस बरे जातात, महिनाभराने तेच पुन्हा सुरू होते, आणि कुत्रा आठ-दहा वर्षांचा असला की ‘आता वय झालं, असंच चालायचं’ यावर घरच्यांचे आणि चिकित्सकाचेही एकमत होऊन जाते. हे एकमत मोडणे हा या संपादकीयाचा हेतू आहे. वार्धक्य हा आजार नाही, आणि दुर्बिणीने आतडे पाहण्याची सोय नसलेल्या दवाखान्यातही अशा बहुतेक कुत्र्यांना योग्य उपचारापर्यंत नेता येते, मात्र त्यासाठी क्रम आणि नोंद या दोन गोष्टी पाळाव्या लागतात.

जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील, भुसावळ–नागपूर लोहमार्गावरचे बोदवड हे अशा दवाखान्याचे प्रातिनिधिक गाव मानता येईल. येथील पशुवैद्यकाचा दिवस कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताचे लसीकरण, अडलेली गाय आणि पोट फुगलेली शेळी यांत संपतो, आणि कुत्रा समोर येतो तो मुख्यतः रेबीजच्या लसीसाठी किंवा अगदी टोकाला गेल्यावर. साधने अपुरी आहेत हे खरे असले, तरी शिस्तीचा अभाव आहे असे या जिल्ह्याबद्दल म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या त्या वर्षीच्या साथीतील राज्यातला पहिला रुग्ण याच जिल्ह्यातील रावेर तालुक्यात, चिनावल येथे आढळला, आणि पुढील काळात गावनिहाय नोंदी ठेवणे, बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण करणे व प्रत्येक जनावराचा पाठपुरावा करणे ही कामे जिल्ह्याच्या याच पशुवैद्यकीय यंत्रणेने केली. साथीच्या वेळी जी नोंद जनावरागणिक ठेवली गेली, तीच एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठी सहा महिने ठेवली, तर जुनाट आंत्रविकाराचे अर्धे काम झालेले असते.

नोंदीचा आरंभ वजनापासून व्हावा. ज्या दवाखान्यात सपाट काटा नाही तेथे मालकाने कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभे राहावे आणि नंतर मालकाचे एकट्याचे वजन वजा करावे, किंवा जवळच्या धान्याच्या दुकानातील काटा वापरावा. मात्र दर वेळी काटा तोच असावा आणि वेळ शक्यतो खाण्यापूर्वीची असावी. वजनाबरोबर पाठीच्या कण्यालगतचे, खांद्यावरचे व मांडीचे स्नायू हाताने चाचपून त्यांची स्थिती लिहावी, कारण वृद्ध कुत्र्यात पोटावरची चरबी टिकून राहूनही स्नायू झिजत असतात आणि केवळ नजरेला तो धष्टपुष्ट भासतो. त्यानंतर हगवणीचे स्वरूप विचारावे. लहान आतड्याच्या विकारात शौचाच्या वेळा फारशा वाढत नाहीत, पण प्रत्येक वेळचे प्रमाण मोठे असते, वजन घटते आणि रक्त असल्यास विष्ठा डांबरासारखी काळी दिसते. मोठ्या आतड्याच्या विकारात कुत्रा वारंवार कुंथतो, थोडे थोडे करतो, शेंबडासारखा चिकट स्राव आणि लाल ताजे रक्त पडते, परंतु वजन बहुधा टिकून असते. एवढे विचारण्यास पाच मिनिटे लागतात आणि पुढील तपासण्यांची दिशा त्यातून निम्मी ठरते.

कारणे वगळण्याच्या टप्प्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित तपासणी म्हणजे विष्ठेची. जिआर्डिया या एकपेशीय परजीवीची कोष्ठे आणि चाबूककृमीची अंडी दररोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात काही दिसले नाही म्हणजे ते नाहीत असे ठरत नाही. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने झिंक सल्फेटच्या द्रावणात तरंगवून पाहावेत, आणि ते शक्य नसेल तर फेनबेंडाझोल ५० मिलिग्रॅम प्रतिकिलो या मात्रेत तीन ते पाच दिवस देऊन मगच पुढे जावे. रक्ततपासणीत अल्ब्युमिन, क्रिएटिनीन, यकृताची विकरे, साखर, सोडियम व पोटॅशियम पाहावेत. खानदेशात गोचिडांचा त्रास मोठा असल्याने एर्लिकिया व बबेशिया यांचा शोध घेतल्याशिवाय अशक्तपणाचा दोष आतड्याला देऊ नये. अधिवृक्क ग्रंथीचे स्राव कमी पडल्याने होणारा ॲडिसनचा आजार हुबेहूब आंत्रविकारासारखा दिसतो. रक्तातील मूळ कॉर्टिसॉलची पातळी २ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटरहून अधिक असल्यास तो जवळपास निश्चितपणे वगळता येतो. स्वादुपिंडाच्या पाचक रसांची उणीव शोधणारी ट्रिप्सिनसदृश घटकाची चाचणी मात्र प्रजातिविशिष्ट आहे, म्हणजे माणसांसाठीची तीच चाचणी कुत्र्याच्या रक्तावर निरुपयोगी ठरते, हे नमुना पाठवण्यापूर्वीच प्रयोगशाळेला विचारून घेणे आवश्यक आहे.

वगळण्याचा आणखी एक विषय घरातील औषधांच्या डब्यात असतो. सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला माणसांची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी प्रेमापोटी दिली जाते, आणि जठरातील व्रण, काळी विष्ठा व मूत्रपिंडाची हानी हे तिचे परिणाम जुनाट पोटदुखणे म्हणून दवाखान्यात येतात. गिधाडांच्या ऱ्हासानंतर २००६ मध्ये भारतात डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी घराघरांतील माणसांची गोळी जागेवरच आहे. तेव्हा ‘दुखण्यावर घरी काय देता?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत, दोष न देता, विचारला गेला पाहिजे.

कारणे वगळून झाल्यावरची पायरी आहाराची आहे, आणि या संपादकीयाचा सर्वाधिक भर तिच्यावरच आहे, कारण जुनाट आंत्रविकार असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ आहारबदलाने सुधारतात. बोदवडच्या घरातील कुत्रा दूध-भाकरी, कळण्याची भाकरी, उरलेली शेवभाजी आणि हिवाळ्यात भरिताचा उरलेला घास यांवर वाढलेला असतो. यांतील प्रत्येक पदार्थाची अडचण वेगळी आहे. दुधातील शर्करा पचवणारे विकर प्रौढ कुत्र्यात कमी झालेले असते. ज्वारी आणि अख्ख्या उडदाच्या कळण्यातील जाड तंतू सुजलेल्या आतड्याला जड जातात. शेवभाजीच्या तर्रीतील तेल स्वादुपिंडाच्या सुजेला आमंत्रण देते. आणि भरितातील कांद्याची पात व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आहारचाचणी म्हणजे हे सर्व एकदम थांबवून, कुत्र्याने पूर्वी क्वचितच खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढ्यावर त्याला ठेवणे. ज्याला कोंबडी नेहमीची आहे त्याला मासा, ज्याने मांसाहार पाहिलाच नाही त्याला उकडलेले अंडे, आणि सोबत मऊ शिजवलेला, मीठ-फोडणी नसलेला भात असा बदल चार-पाच दिवसांत हळूहळू करावा व दिवसाचे खाणे तीन-चार वेळांत विभागावे. मोठ्या आतड्याच्या विकारात उकडलेले गंगाफळ किंवा चिमूटभर भिजवलेला इसबगोल यांचा उपयोग होतो. परवडत असल्यास प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे करून बनवलेला तयार वैद्यकीय आहार अधिक खात्रीचा असतो, कारण एवढे लहान तुकडे शरीराची प्रतिकारयंत्रणा सहसा ओळखत नाही.

ही चाचणी दोन आठवडे निखळ पाळली गेली तर तिचा निकाल बहुतांशी स्पष्ट होतो, परंतु ती घरातच मोडते. आजी भाकरीचा तुकडा टाकते, मूल बिस्कीट देते, शेजारी हाडूक देतात, आणि चघळण्याच्या जंताच्या गोळीतही मांसाचा स्वाद असतो. म्हणून आहाराची चिठ्ठी फक्त मालकाच्या हाती देऊन भागत नाही. घरात कुत्र्याला कोण कोण खाऊ घालते हे विचारून त्या प्रत्येकाला, शक्यतो त्याच्याच बोलीत, समजावून सांगावे लागते. सुधारणा दिसल्यास तोच आहार सुमारे बारा आठवडे चालू ठेवावा, आणि भात व मांस यांत कॅल्शियम अगदी कमी असल्याने दीर्घकाळच्या घरगुती आहारात अंड्याच्या कवचाची बारीक पूड किंवा कॅल्शियम कार्बोनेट, तसेच जीवनसत्त्वे व खनिजे मोजून मिसळावीत. अन्यथा पोट सुधारते आणि हाडे बिघडतात.

प्रतिजैविकांविषयी व्यवसायाने स्वतःशी कठोर होण्याची वेळ आली आहे. मेट्रोनिडाझोलने हगवण तात्पुरती थांबते, परंतु आतड्यातील उपकारक जिवाणूंची घडी त्याने विस्कटते आणि औषध थांबवल्यानंतर चार आठवड्यांनीही ती पूर्ववत झालेली नसते, असे निरोगी कुत्र्यांवरील अभ्यासात दिसून आले आहे. ज्या कुत्र्याची ही घडी आधीच बिघडलेली आहे त्याला दर महिन्याला तेच औषध देणे म्हणजे पुढच्या हगवणीची तयारी करून ठेवणे होय. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडचे स्थान निश्चित आहे, पण ते आहारचाचणीनंतरचे आहे. घाईने दिलेले स्टिरॉइड कॉर्टिसॉलची चाचणी निरर्थक करते, आतड्यातील लसिका-कर्करोगाची खूण पुसट करते, गोचीडतापाला मोकळे रान देते आणि वृद्ध कुत्र्याचे उरलेसुरले स्नायूही झिजवते. पहिल्याच भेटीतील एक इंजेक्शन अशा रीतीने पुढील सर्व निदानांच्या आड येते.

त्याउलट, स्वस्त आणि निर्धोक असूनही विसरले जाणारे औषध म्हणजे जीवनसत्त्व ब-१२. त्याचे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते आणि त्यासाठी लागणारा वाहक घटक कुत्र्यात प्रामुख्याने स्वादुपिंडातून येतो, त्यामुळे या दोन्ही अवयवांच्या जुनाट विकारांत ते कमी पडते, आणि ते कमी असताना इतर उपचार लागू पडत नाहीत. कुत्र्याच्या वजनानुसार २५० ते १५०० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे आणि त्यानंतर महिन्याने एकदा, हा रूढ क्रम आहे. रक्तातील अल्ब्युमिन मात्र प्रत्येक टप्प्यावर मोजले पाहिजे. ते २ ग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली गेल्यास आतड्यातून प्रथिने गळत असल्याचा संशय घ्यावा, पोटात किंवा पायांत पाणी साठते का ते पाहावे, आणि कुत्र्याला थांबवून न ठेवता पुढे पाठवावे. बोदवडहून त्याच लोहमार्गावर अकोला आहे आणि तेथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. पाठवताना वजनाची, आहाराची व औषधांची तारीखवार नोंद सोबत दिली, तर तेथील चिकित्सकाचे काम शून्यापासून सुरू होत नाही.

दैनंदिन देखभालीत खानदेशचा उन्हाळा हा स्वतंत्र घटक मानावा लागतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा हगवण असलेला वृद्ध कुत्रा काही तासांत शुष्क होऊ शकतो, आणि अशा वेळी त्वचा चिमटीत उचलून शुष्कता ठरवण्याची नेहमीची रीत फसवी ठरते, कारण वयाने सैल पडलेली कातडी पुरेसे पाणी असतानाही सावकाश बसते. हिरड्यांचा ओलावा, डोळ्यांची खोली आणि कालच्या तुलनेत आजचे वजन हे निकष अधिक विश्वासाचे आहेत. शिजवलेले अन्न दुपारी उघडे ठेवू नये. नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि पिंपात साठवले जाते अशा घरांत कुत्र्याचे पाणीही उकळून गार केलेले असावे, कारण जिआर्डियाची कोष्ठे पाण्यात टिकतात आणि उकळल्याने मरतात.

काही कुत्रे एवढे सर्व करूनही सुधारत नाहीत, आणि तेव्हाही घरच्यांना एकटे सोडता येत नाही. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात मुद्द्यांवर दर आठवड्याला घरच्यांनीच गुण द्यावेत अशी पद्धत जगभर वापरली जाते, आणि वहीच्या पानावर ती कोणासही पाळता येते. वेदनारहित मृत्यूचा निर्णय घेण्याची वेळ आली, तर तो एका वाईट रात्रीच्या घाबरलेपणातून न येता आठवड्यांच्या नोंदीतून आलेला असावा, आणि त्याबद्दलचे बोलणे चिकित्सकाने स्वतःहून, वेळेत सुरू केलेले असावे.

प्रत्येक तालुका दवाखान्याने आठ वर्षांवरील आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ पोटाचे दुखणे असलेल्या कुत्र्यांसाठी एक वेगळी नोंदवही या महिन्यापासून सुरू करावी, असा या मासिकाचा आग्रह आहे. तारीख, वजन, भूक, उलटी, विष्ठेचे स्वरूप व वेळा, चालू आहार, दिलेली औषधे आणि अल्ब्युमिन एवढे रकाने तिला पुरेत. वर्षभराने ती उघडली म्हणजे किती कुत्रे केवळ आहाराने सुधारले, किती प्रतिजैविके अनावश्यक होती आणि कोणाला वेळेत पुढे पाठवता आले असते, हे खानदेशातील चिकित्सकांना स्वतःच्या रुग्णांवरून समजेल. आणि तोवर त्या वहीतील कोणत्याही कुत्र्याच्या निदानाच्या जागी केवळ ‘वय’ असे लिहिले जाऊ नये, एवढा नियम तरी आजपासूनच पाळता येण्याजोगा आहे.