मंडळी, आधी हे वीजबिल पाहा!

युरोपात राहणाऱ्या मराठी बंधुभगिनींनो,

‘लक्झेंबर्गचे न्यायाधीश आमच्या कायद्यात नाक खुपसणारे कोण?’ युरोपीय न्यायालयाबद्दलच्या या वाक्याला हल्ली इथल्या सभांमध्ये हमखास टाळी पडते. आपलेही काही लोक माना डोलावतात. त्यांच्यासाठी हे जुनं बिल.

रक्कम १,९२५ लिरा. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्टा यांनी ते भरायचंच नाकारलं. इटलीनं १९६२ मध्ये वीजकंपन्या सरकारजमा केल्या, कोस्टा अशाच एका कंपनीचे भागधारक. हे राष्ट्रीयीकरण युरोपीय कराराच्या विरुद्ध आहे, असा त्यांचा दावा. पैसे इतके किरकोळ की खटला गेला अगदी तळाच्या कोर्टात. तिथल्या न्यायाधीशानं मात्र कराराचा अर्थ थेट लक्झेंबर्गला विचारला. रोमचं सरकार बिथरलं: आमच्या न्यायाधीशानं आमचा कायदा लावावा, बाहेर विचारायचं कामच काय? १५ जुलै १९६४ ला उत्तर आलं. तेव्हाच्या सहा सदस्य देशांनी मिळून केलेला कायदा एकाला नंतर आपल्या घरच्या कायद्यानं मोडता येणार नाही. कोस्टांचेही लाड झाले नाहीत. करारातल्या काही कलमांवर तुम्हाला हक्क सांगताच येत नाही, असं त्यांनाही सुनावलं.

यात नाक कुणी खुपसलं? प्रश्न मिलाननं पाठवला. लक्झेंबर्गनं अर्थ सांगितला, खटला निकाली काढायचं काम मिलानकडेच राहिलं.

आता आपल्या संसाराचं. युरोपीय नागरिकाच्या बिगर-युरोपीय जोडीदारानं आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर वास्तव्य केलेलं हवं, असा आयर्लंडचा नियम होता. सामाईक कायद्यात अशी अट नव्हतीच. २००८ मध्ये मेटॉक खटल्यात लक्झेंबर्गनं ती उडवली. डब्लिनच्या खिडकीवर एक अर्थ आणि हेगच्या खिडकीवर दुसरा, असं चाललं तर तो कायदा नव्हे, खिडकीमागच्या साहेबाची मर्जी.

या कोर्टाची आरती ओवाळा, असं आम्ही म्हणत नाही. न्यायाधीशांमधले मतभेद ते छापत नाही, हे आम्हाला साफ नापसंत आहे. त्यासाठी भांडू. पण २००३ मध्ये सार्वमत घेऊन पोलंडनं करार स्वीकारायचा आणि २०२१ मध्ये वॉर्सॉच्या घटना न्यायाधिकरणानं त्यातलीच कलमं पोलंडच्या घटनेत बसत नाहीत म्हणायचं, हे कसं चालेल? न पटणारं कलम बदलायला सगळ्यांसमोर बसावं लागतं.

उमेदवार मत मागायला आला की दारातच विचारा: बाबा रे, लक्झेंबर्ग नको, तर २७ देशांपैकी माझ्या बायकोच्या निवास-कार्डाच्या नियमाचा अर्थ कुणी लावायचा?