घरची वही आणि बाहेरचा खर्च

शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा विषय निघाला म्हणजे बी, खत, औषध, मजुरी, तोडणी व वाहतूक यांचीच चर्चा होते. ती योग्यच आहे. परंतु शेतांतून आलेला पैसा घरांत शिरल्यावर कोणत्या वाटेनें बाहेर जातो, याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. लग्नकार्यांतील उधळपट्टीविरुद्ध मात्र पुष्कळ लिहिलें गेलें आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हांपासून साध्या लग्नाचा उपदेश चालूच आहे. पण लग्न दहा-वीस वर्षांतून एकदां होतें. पोटाचा खर्च रोजचा आहे. म्हणून किराणा व बाहेरचें खाणेंपिणें या रोजच्या खर्चाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

माझें म्हणणें प्रथमच सांगून टाकितों. आपल्या घरांत ज्या खर्चाचा हिशेब मागितला जातो, तो बहुधा आटोक्यांत असतो. आणि जो आटोक्याबाहेर जातो, त्याचा हिशेब कोणीच मागत नाहीं. पहिला खर्च बायकांच्या हातचा, वाण्याच्या यादीचा. दुसरा पुरुषांच्या हातचा, स्टँडवरचा, हॉटेलांतला व ढाब्यावरचा.

हें मला कसें कळलें, तें सांगणें भाग आहे. माझें आयुष्य मुलकी खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. दुसऱ्याचे आंकडे तपासण्याची जी संवय तेथें जडली, ती सेवानिवृत्तीनंतर घरींही सुटली नाहीं. दर महिन्याच्या अखेरीस मी कुटुंबाकडून किराण्याची वही मागून घेत असें. साखर इतकी कां लागली, तेलाचा डबा लवकर कां संपला, नातवाला पांच रुपयांचे पुडे किती आणले, असे शेरे मी त्या वहींत मारीत असें. एके दिवशीं वही परत घेतांना तिनें शांतपणें विचारलें, "अहो, माझी वही तुम्ही दर महिन्याला तपासतां. तुमची वही कुठें आहे?" मजजवळ उत्तर नव्हतें, कारण वहीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मीं व चिरंजीवांनीं बाहेर केलेला प्रत्येक खर्च टिपण्यास आरंभ केला. महिनाअखेर बेरीज मांडली. पांच माणसांच्या घराचें वाण्याचें बिल ६,८५० रुपये झालें होतें. आम्हां दोघां पुरुषांचें बाहेरचें खाणेंपिणें ४,३१० रुपये भरलें. ज्या खर्चाचा एक घांसही घरांत आला नव्हता, तो सबंध घराच्या किराण्याच्या निम्म्याहून अधिक होता. सूनबाई दोन वर्षें घरगुती पिठाची गिरण मागत होत्या, आणि दोन वर्षें मी "पुढच्या बिलाला पाहूं" असें सांगत आलों होतों. त्या पैशाची वाट त्या दिवशीं मला दिसली. मला लाज वाटली, हें कबूल करण्यास संकोच नाहीं.

हा प्रकार एकट्या माझ्या घरचा असता, तर मासिकाची पानें अडविलीं नसतीं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आंकडे हेंच सांगतात. १९९९-२००० सालीं देशांतील ग्रामीण कुटुंबाच्या दर शंभर रुपये खर्चांत धान्यावर सुमारें २२ रुपये जात, आणि चहा, फराळ, तयार व पाकिटबंद पदार्थ या सदराखालीं सुमारें ४ रुपये जात. २०२३-२४ च्या पाहणींत धान्याचा वांटा ५ रुपयांवर उतरला आणि या दुसऱ्या सदराचा ९ रुपये ८४ पैशांवर चढला. त्या वर्षीं ग्रामीण भागांत दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता. पांच माणसांचें घर धरल्यास या सदराचा खर्च महिना सुमारें २,००० व वर्षास सुमारें २४,००० रुपये येतो. ज्या घरांत धान्य पिकतें, त्याच घरांत आज धान्याच्या दुप्पट पैसा तयार पदार्थांवर खर्च होत आहे.

धान्याचा वांटा घटला याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. मिळकतीचा मोठा भाग केवळ भाकरीवर जाणें हें दारिद्र्याचें लक्षण असतें; तें दूर होत आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. दूध, अंडीं, फळें यांवर खर्च वाढला, तर आनंदच मानावा. प्रश्न आहे तो ज्या खर्चानें अंगीं कांहीं लागत नाहीं व घरींही कांहीं येत नाहीं त्याचा.

आपण आपल्याच हिशेबानें पाहूं. एक गृहस्थ दिवसांतून दोन वेळां दहा रुपयांचा चहा बाहेर घेतो. वर्षाचे ७,३०० रुपये झाले. आठवड्यास एकदां तालुक्याच्या गांवीं जातो. तेथें स्वतःस व सोबत्यास ऐंशी रुपयांची एकेक मिसळ घेतो. वर्षाचे ८,३२० झाले. महिन्यांतून दोन वेळां मित्रमंडळीबरोबर ढाब्यावर बसून आपल्या वांट्याचे चारशे देतो. वर्षाचे ९,६०० झाले. एकूण २५,२२० रुपये. यांत व्यसनाचा एक पैसाही धरलेला नाहीं; हा सज्जन माणसाचा हिशेब आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें ठरविलेला उसाचा मूळ दर, सव्वादहा टक्के उताऱ्यास, टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वींच सात टनांहून अधिक ऊस या गृहस्थानें हॉटेलांत उभा केला. शेतांतला सात टन ऊस कोणीं तोडून नेला असता, तर याच गृहस्थानें पोलीस चौकी गांठली असती.

असें होण्याचें कारण आपल्या मिळकतीच्या स्वरूपांत आहे. नोकरदाराचा पगार दर महिन्यास ठराविक येतो, म्हणून त्याला महिन्याचा बेत करावाच लागतो. आपली मिळकत गठ्ठ्यानें येते व चिल्लरीनें जाते. उसाचें बिल, हळदीची पट्टी, द्राक्षांचा किंवा बेदाण्याचा पैसा हातांत आला कीं चार दिवस माणूस स्वतःस श्रीमंत समजतो. दहा रुपयांचा चहा त्याच्या डोळ्यांत भरत नाहीं. मार्चअखेर सोसायटीचें पीककर्ज फेडावयाचें येतें, तेव्हां वीस-पंचवीस हजार कमी पडतात. मग हातउसने काढावे लागतात. तेही न मिळाल्यास कर्ज थकतें आणि वेळेवर फेड करणारास मिळणारी व्याजाची सवलत हातची जाते. सातबाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा दिसतो. तो कोणत्या चिल्लरीनें तेथें राहिला, हें मात्र कोणत्याही रकान्यांत दिसत नाहीं.

दुसरें कारण असें कीं, सालभराची बेगमी करण्याची आपली जुनी चाल मोडली आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं जमिनीखालचीं पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं बरींच निकामी झालीं. व्यापाऱ्याच्या हळदीचीं पेवें पुरानें नेलीं. आपल्या घरच्या धान्याचीं पेवें, कणग्या व कोठ्या आपणच मोडल्या. आज तूर मळणी होतांच बाजार समितींत जाते आणि तीच डाळ होऊन वाण्याकडून परत येते. सोयाबीन विकून आपण सोयाबीनचें तेल आणतों. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरी हळद पिकविणाऱ्या घरांतही पावडरीची पुडी विकत आणलेली मीं पाहिली आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पाकिटांतील धान्य, डाळ व पीठ यांवर शेंकडा ५ वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या मालावर तो नाहीं. आपलाच माल पाकिटांतून परत घेतांना आपण दलाली, दळणावळण, पाकीट, जाहिरात आणि कर इतक्यांचा भार उचलतों.

येथें कोणी म्हणेल, "मग काय बायकांनीं पुन्हां जात्यावर बसावें?" मुळींच नाहीं. हा आक्षेप खरा आहे व त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. आपल्या घरच्या स्त्रिया शेतांत पुरुषांबरोबर राबतात, वर धारा काढतात व दोन वेळचा स्वयंपाक करतात. ज्या खर्चानें त्यांचे कष्ट हलके होतात, तो खर्च मी उधळपट्टींत धरीत नाहीं. गिरण, मिक्सर, गॅस, प्रसंगीं तयार पीठ व मसाला यांवर खुशाल खर्च करावा. बाहेर जेवूंच नये, असेंही माझें म्हणणें नाहीं. शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांस जेवणाच्या जागा झाल्या आहेत. महिन्यांतून एकदां घरांतील सर्वांस घेऊन तेथें जावें. त्या दिवशीं गृहिणीस चुलीपासून सुटी मिळेल व मुलांस आनंद होईल. माझा आक्षेप एवढाच आहे कीं, घरांतील एकजण रोज बाहेर खातो, आणि बाकीचीं माणसें महिनाभर त्याच्यासाठीं साखर मोजून वापरतात.

"चहा हा नुसता खर्च नव्हे, त्यावर ओळखी होतात व कामें होतात," असेंही सांगितलें जाईल. त्यांत तथ्य आहे. मीही कचेरींत असतांना पुष्कळांचा चहा घेतला आहे, आणि आज त्याचा हिशेब मनांत येतो. कामासाठीं झालेला चहा कामाच्या खर्चांत लिहावा. लिहूं लागलें म्हणजे कोणता चहा कामाचा व कोणता नुसत्या वेळ घालविण्याचा, हें लिहिणारास आपोआप कळतें.

आतां उपायांविषयीं. पहिला उपाय असा कीं, माल बाजारांत नेण्यापूर्वीं घरचा वांटा काढून ठेवावा. ढोबळ मानानें माणशी महिना दहा किलो धान्य धरल्यास पांच माणसांस वर्षाला सहा क्विंटल शाळू व गहूं मिळून लागतो. त्याबरोबर तूर, हरभरा, घेवडा, शेंगदाणा, हळद, मिरची व गूळ यांपैकीं जें आपल्या शेतांत होतें, तें वर्षाच्या मापानें बाजूस ठेवावें. धान्य कडकडीत वाळवून घट्ट झांकणाच्या कोठींत भरावें. ओलसर भरल्यास सोंडा लागून बेगमीचें नुकसान होतें.

दुसरा उपाय, किराण्याची यादी महिन्यास एकदां करावी व रोखीनें आणावी. उधारीच्या दुकानांत भाव विचारण्याचा धीर गिऱ्हाइकास राहत नाहीं. चार-पांच शेजाऱ्यांनीं मिळून तेलाचे डबे व साखरेचें पोतें एकदम आणलें, तर भावांतही फरक पडतो.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. घरांत एकच वही ठेवावी व तिला दोन रकाने करावे: एक घरचा, दुसरा बाहेरचा. बाहेरच्या रकान्यांत प्रत्येक पुरुषानें त्या दिवसाचा आंकडा रात्रीं जेवणापूर्वीं स्वतः लिहावा. हल्लीं पुष्कळजण फोनवरून पैसे देतात. त्यांना तर आठवण्याचेही कष्ट नाहींत, सर्व नोंद फोनमध्येंच असते. महिनाअखेर ही वही घरांतल्या स्त्रियांसमक्ष वाचावी. शेरा मारण्याचा अधिकार दोन्ही बाजूंस असावा.

थोडक्याचें बळ किती असतें, हें आपल्या जिल्ह्यास सांगावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठीं गांवोगांवच्या स्त्रियांनीं दळणकांडणांतून मूठमूठ धान्य बाजूस काढून दिलें. त्या मुठींवर गरिबांचीं मुलें शिकलीं. जी मूठ घरांत जमते ती संस्था उभी करते, आणि जी रोज बाहेर उधळते ती घर पोखरते.

आमच्या घरीं आतां दोन रकान्यांची वही आहे. माझा चहा सुटलेला नाहीं, कमी झाला आहे. सूनबाईंची गिरण गेल्या दिवाळींत आली. वाचकांनीं माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवूं नये. फक्त एक महिना आपापली वही लिहून पाहावी आणि अखेरच्या दिवशीं बेरीज स्वतःच्या हातानें मांडावी.