बेत गोव्याचा, पण सुट्टी कुणाची?

मैत्रिणींनो, शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की गोव्याचा बेत ठरतोच. एक सांगते, स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ नका. स्वस्त पडते म्हणून मागे आम्ही घेतली. तीन दिवस मी बांगडेच साफ करत बसले. आग्वादचा किल्ला बाकीच्यांनी पाहिला!

यंदा आधीच बजावलंय. सकाळी उन्हाआधी किल्ला, दुपारी खानावळीत माशांचं ताट नि सोलकढी, उन्हं उतरली की पणजीच्या फोंतेन्हासमधली जुनी घरं पाहत पायी फेरी. जून-जुलै मात्र टाळा. यांत्रिक होड्यांची मासेमारी तेव्हा बंद असते.

रात्री तिथली गोड पोर्ट वाइन, एखादाच पेला. सासूबाईंनाही विचारलंय. ‘नको’ म्हणाल्या नाहीत.