ग्रामसभा आणि वर केलेला हात

बारामती-इंदापुराकडील गावोगाव प्रत्यक्ष लोकशाही नांदते, असे आम्हांस वारंवार ऐकविण्यात येते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. गावच्या यादीतील प्रत्येक मतदार तिचा सभासद. सरपंचास समोर बसवून रस्त्याचा जमाखर्च विचारता यावा, हा लाभ विधिमंडळाच्या गॅलरीत बसून मिळत नाही, हे आम्ही मान्य करितो.

परंतु कायद्यास शेकडा १५ मतदार किंवा १०० मतदार, यांत जी संख्या कमी तेवढी हजेरी पुरते. तीही न भरल्यास तहकूब सभा गणसंख्येवाचून उरकता येते. मग गाव कोठे राहिले? शिवाय हात वर करावयाचा तो कोणादेखत? ज्याचा ऊस कारखान्यास जावयाचा, ज्याचे कर्ज सोसायटीत मंजूर व्हावयाचे, त्याने पुढाऱ्यासमक्ष विरोध करावा, ही अपेक्षाच निर्दय होय.

‘अडाण्यांस कारभार कळत नाही, तो प्रतिनिधींवरच सोपवा’ असे म्हणणारांचा मात्र आम्ही निषेध करितो. दोष लोकांच्या बुद्धीचा नसून उघड मताचा आहे. याच महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया ‘आडव्या बाटली’वर गुप्तपणे शिक्का मारितात, आणि यादीतील निम्म्याहून अधिक मते पडल्याखेरीज दुकानास टाळे लागत नाही. दारूस जो न्याय, तो गायरानास व पाणीयोजनेस का नको? गावाचे खरे मत हवे असेल, तर आधी मत देणाऱ्याचा हात मोकळा करा.