ढेकळाखालचा निनावी राखणदार

रात्रीची लाइट आली की बॅटरी घेऊन तुम्ही पाणी भरायला निघता. दार मोडताना पायाजवळून एक काळाकुळकुळीत, लांब टांगांचा किडा सळकन पळतो आणि ढेकळाखाली दडी मारतो. हा कोण म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: "भुंगा आहे, दुसरं काय!" आणि पायात जोडा असला तर त्याचा तिथेच निकाल लागतो.

आजचा मजकूर या भुंग्याविषयी आहे. इंग्रजीत त्याला ग्राउंड बीटल म्हणतात, आपण भुईभुंगेरा म्हणू. शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला कॅरॅबिडी म्हणतात. जगात या कुळातल्या चाळीस हजारांच्या आसपास जातींना आजवर नावे मिळाली आहेत आणि दरवर्षी त्यात नव्या जातींची भर पडते आहे. नवी जात म्हटले की आपल्याला घनदाट जंगल आठवते. पण नवी म्हणजे आज जन्मलेली नव्हे. ती लाखो वर्षे इथेच नांदत असते, फक्त तिचे नाव कोणी कागदावर घातलेले नसते. तशी जात सह्याद्रीच्या कड्यावर सापडते, तशीच सारंगखेड्याला तापीच्या गाळात किंवा पऱ्हाटीच्या वावरातही सापडू शकते.

आता आधी एक घोटाळा दूर करू, कारण तो दरवर्षी जूनमध्ये होतो. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जातात. आपण दिव्याचा सापळा लावतो, खाली रॉकेलचे पाणी ठेवतो. हे काम चांगलेच. पण दिव्यावर भुईभुंगेरेही येतात आणि शत्रूबरोबर मित्रही बुडतो. दोघे ओळखायला सोपे आहेत. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, गुबगुबीत आणि मठ्ठ. त्याच्या मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या असतात. भुईभुंगेरा चपटा, चकचकीत आणि चपळ. त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ, पाय लांब, जबडे पुढे आलेले. हुमणी मुळे खाते. भुईभुंगेऱ्यांतल्या बहुतेक जाती आणि त्यांच्या जमिनीतल्या अळ्या दुसऱ्या किड्यांची अंडी, अळ्या, कोष फस्त करतात. भाताच्या खाचरात ऑफिओनिया नावाचा एक सडपातळ, तांबडा-काळा भुईभुंगेरा असतो. तो पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या गुंडाळीत शिरून तिला खातो. एकही पैसा मजुरी नाही!

काही जण अंगावर हत्यारही बाळगतात. पिवळ्या ठिपक्यांचा एक भुंगेरा चिमटीत धरला तर फट् आवाज होतो, धूर निघतो आणि बोटावर तपकिरी डाग पडतो. त्याच्या पोटाच्या टोकाशी दोन कप्पे असतात. एकात दोन रसायने साठवलेली, दुसऱ्यात त्यांचा भडका उडवणारा पदार्थ. संकट आले की दोन्ही एकत्र येतात आणि उकळत्या पाण्याइतकी कढत पिचकारी सुटते. तेव्हा लेकरांना सांगा, भुंगा हातात घेऊन तोंडाजवळ नेऊ नका. डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. चार्ल्स डार्विनसुद्धा यात सापडला होता. केंब्रिजला शिकत असताना दोन हातांत दोन दुर्मीळ भुंगे, तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून गड्याने एक तोंडात टाकला. भुंग्याने जिभेवर अशी जळजळीत पिचकारी मारली की तो थुंकावाच लागला, आणि तिसराही हातचा गेला.

आता नाव कसे मिळते ते पाहा. दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जाणकार नुसता रंग पाहत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, कानांची ठेवण बघतो. भुंग्याचेही तसेच. दुर्बिणीखाली धरून डोळ्यावरचे केस मोजतात, पाठीवरच्या रेघा आणि रेघांतले खळगे मोजतात, मानेचा आकार मापतात. सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे नराच्या जननेंद्रियाची ठेवण, कारण बाहेरून जुळे वाटणारे दोन भुंगे तिथे वेगळे निघतात. मग सगळ्या जवळच्या नातलगांशी ताडून पाहायचे. हे काम वर्षानुवर्षे चालते, कारण जुने अस्सल नमुने लंडन, कोपनहेगन अशा दूरच्या संग्रहालयांत आहेत. खात्री पटली की वर्णन छापायचे, लॅटिन धर्तीचे नाव द्यायचे आणि ज्या एका भुंग्यावरून वर्णन केले तो टाचणीला लावून संग्रहालयात कायमचा जपायचा. पुढे कधी वाद झाला तर साक्षीला तोच उभा राहतो. नाव गावावरून देता येते, माणसावरूनही. मध्य अमेरिकेतल्या एका भुईभुंगेऱ्याच्या मांड्या फुगीर दिसल्या, म्हणून टेरी अर्विन या शास्त्रज्ञाने २००२ साली त्याला पिळदार दंडांच्या श्वार्झनेगर नटाचे नाव देऊन टाकले!

आपल्याकडचा एक मोठा भुंगेरा पाहा. जवळपास दीड इंच लांब, काळाभोर, पाठीवर सहा पांढरे ठिपके: दोन मानेवर, चार कवचावर. माळरानावर, कोरड्या बांधांवर तो फिरतो. डेन्मार्कच्या फॅब्रिशियस नावाच्या पंडिताने १७७५ साली त्याचे वर्णन छापले. तेव्हा इकडे पुण्यात बारभाईंचा कारभार चालला होता. नावाचा अर्थ 'सहा थेंबांचा'. अडीचशे वर्षांपूर्वी परक्या माणसाने नाव दिले आणि आपण अजून त्याला 'भुंगा' म्हणतो, हे जरा विचार करण्यासारखे आहे. पुढे इंग्रजी अमलात एच. ई. अँड्र्यूज यांनी हिंदुस्थानातल्या भुईभुंगेऱ्यांचे दोन जाडजूड खंड लिहिले, १९२९ आणि १९३५ साली. काम अर्ध्यावर राहिले. आज आपल्या देशातली माणसे ते पुढे नेत आहेत, पण अभ्यासक मोजके आणि भुंगे अपार.

घाई का करायची, तेही सांगतो. सहा ठिपक्यांच्या या भुंगेऱ्याला उडता येत नाही. पाठीवरची कवचे जुळून गेलेली असतात. भुईभुंगेऱ्यांत असे न उडणारे पुष्कळ. जो उडत नाही तो फार दूर जात नाही. एका डोंगरावरचा, एका खोऱ्यातला तिथेच राहतो आणि पिढ्यान्पिढ्या वेगळा पडत पडत त्याची निराळी जात होते. म्हणूनच नव्या जाती अजून सापडतात. पण म्हणूनच त्या चटकन संपूही शकतात. वावरात दाणेदार विष पडले, बांध जाळला, तर उडणारा किडा शेजारच्या शिवारातून परत येतो. न उडणारा येत नाही. नदीकाठच्या जातींचे दुखणे आणखी वेगळे. त्यांना ओली वाळू लागते. बॅरेजच्या वर पाणी तुंबले की वाळूचा काठ बुडतो, खाली उरलेली वाळू ट्रॅक्टरने उचलली जाते. पाणी हवेच, त्याशिवाय ऊस, केळी, पपई कुठली? पण नावाआधीच संपलेल्या किड्याचे वर्णन कोण करणार?

तुम्हाला पाहायची हौस असेल तर पावसाळ्यात एक सोपा उद्योग करा. प्लास्टिकचा पेला बांधाच्या कडेला जमिनीत असा पुरा की काठ मातीशी सपाट यावा. वर दोन खड्यांवर एक कौल टेकवा, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. रात्री फिरणारे भुंगे आत पडतात. सकाळी मुलांना घेऊन पाहा, मोजा, मिशा बघा आणि सोडून द्या. विसरलात तर उन्हाने आत मरतील, म्हणून रोज पाहायचे आणि काम झाले की पेला उपटायचा. शिवारात कधी न पाहिलेला एखादा दिसला तर मोबाइलवर वरून, बाजूने आणि तोंडाचा असे तीन फोटो घ्या. ते नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दाखवा. पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे, तिथे किड्यांचे जाणकार बसतात. मेलेला सापडला तर कापसात गुंडाळून आगपेटीत ठेवा आणि सोबत चिठ्ठी घाला: गाव, तालुका, तारीख, कोणत्या पिकात, दगडाखाली की दिव्यावर, कोणाला सापडला. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. चिठ्ठीवाचून भुंगा अभ्यासकाच्या काही कामाचा नाही.