सोलापुरी चादर, जकार्डची कार्डे आणि बदललेली भाषा

१/ इतिहासप्रेमींच्या बोलण्यात सोलापूर येते ते बहुधा मे १९३० मधील मार्शल लॉमुळे, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांमुळे. घराघरांत मात्र हे शहर पोचले ते चादरीतून. चादरीला बाजार मिळाला, भौगोलिक मानांकनही मिळाले. इतिहास तेवढा मिळाला नाही. हा धागा त्या इतिहासातल्या एका उपेक्षित दस्तऐवजाविषयी आहे. तो दस्तऐवज म्हणजे भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे.

२/ चादरीवरचा मोर कोणी विणकर हाताने काढत नाही. मागावर उंच बसवलेले जकार्ड यंत्र ठरवते की ताण्याचा कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा. कार्डात भोक असेल तर सुई त्यातून आरपार जाते, तिला जोडलेली आकडी जागेवर उभी राहते, वर चढणारी पट्टी तिला उचलते आणि तिच्याबरोबर धागा वर जातो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे रेटतो, आकडी पट्टीवरून सुटते, धागा खालीच राहतो. मग धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो. एका बाण्याला एक कार्ड. कार्डे दोरीने एकमेकांना ओवलेली असतात. त्यांतली दोन जरी उलटसुलट ओवली गेली, तरी कापडावर तेवढी ओळ चुकलेली दिसते.

३/ भोक किंवा अभोक, होय किंवा नाही, आणि सूचनांचा ठरलेला क्रम. ही संगणकाची आज्ञावलीच आहे, आणि हे म्हणणे अलंकारिक नव्हे. बाझिल बुशों याने १७२५ मध्ये भोकांचा कागद वापरला, फाल्कोंने १७२८ मध्ये ओवलेली कार्डे, वोकान्सोंने १७४० च्या दशकात स्वयंचलित माग. ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे सगळे एका टिकाऊ यंत्रात बसवले. १८३९ मध्ये त्याचे रेशमी चित्र त्याच्याच पद्धतीने विणले गेले, तेव्हा सुमारे २४,००० कार्डे लागली. त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती, आणि त्याच्या नियोजित विश्लेषक यंत्राला सूचना देणारी कार्डे थेट मागावरून घेतलेली होती. १८४३ मध्ये एडा लव्हलेसनेही आपल्या टिपांत या मागाचा दाखला दिला. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलरिथची यंत्रे कार्डांवरच चालली. सोलापुरातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये लोंबणारी माळ याच घराण्यातली आहे.

४/ आज्ञावली म्हटली की भाषा आली, आणि भाषा म्हटली की तिच्या आवृत्त्या आल्या. या बाबतीत अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण पायथन या भाषेचे. ‘सोलापूर’ हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. हाच शब्द साध्या अवतरणचिन्हांत ठेवून पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीला लांबी विचारली, तर यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या या शब्दासाठी उत्तर येई २१; तिसरी आवृत्ती सांगते ७. दुसरी आवृत्ती साठवणीचे बाइट मोजत होती. तिसरी स, ओकार, ल, काना अशी युनिकोडची चिन्हे मोजते. चार हे उत्तर दोघींपैकी कोणीच देत नाही, ही देवनागरीची जुनी तक्रार आहे. पण २१ वरून ७ वर येणे हीही लहान गोष्ट नव्हती. इंग्रजीतच काम करणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवली नसती. ‘ABC’ ची लांबी दोन्हीकडे ३ च.

५/ तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून जुन्याशी फारकत घेतली होती. दुसरीचा आधार २०१५ मध्ये काढून घ्यायचे ठरले, जग तयार नव्हते म्हणून मुदत २०२० पर्यंत लांबली आणि १ जानेवारी २०२० रोजी ती खरोखर संपली. म्हणजे एका भाषेच्या एका पायरीला सुमारे अकरा वर्षे लागली. नवी भाषा तर फुकट मिळत होती! वेळ खाल्ला तो जुना मजकूर नव्या भाषेत आणण्याने. रूपांतर करणारे साधनही भाषेबरोबरच दिलेले होते. त्याने सोपे भाग उरकले, अवघड भाग माणसांवर सोडले.

६/ अवघड भाग कोणता, हे एका भागाकारात कळते. ७ भागिले २ : जुन्या आवृत्तीत उत्तर ३, नव्या आवृत्तीत ३.५. लिहिलेली ओळ तीच, अर्थ निराळा, आणि यंत्र कसलीही तक्रार करत नाही. जी चूक ओरडते ती सापडते. जी गप्प राहते ती महिन्यांनी कोणाच्या तरी हिशेबात उगवते.

७/ मागांच्या जगात हे शंभर वर्षे आधीच घडून गेले होते. भोकांमधले अंतर सर्वत्र सारखे नव्हते: जुन्या जकार्डचे अंतर मोठे, विंचेंझी पद्धतीचे बारीक, आणि व्हर्डोल पद्धतीत तर सुट्या कार्डांऐवजी सलग कागदी पट्टा. एका पद्धतीसाठी पाडलेले कार्ड दुसरीवर चालत नाही. १९८३ मध्ये मिलानच्या वस्त्रयंत्रांच्या प्रदर्शनात ब्रिटनच्या बोनस कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडले आणि पुठ्ठाच गेला. आकड्यांना हुकूम विद्युतचुंबक देऊ लागले, नक्षी फाइलमध्ये गेली.

८/ गप्प राहणारी चूकही इथे आहेच. जुन्या मागावर इंचाला जितके बाणे बसत होते, त्याहून नव्या मागावर जास्त बसवले आणि कार्डांवरची नक्षी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवली, तर एकही भोक न चुकता मोर बुटका होतो. कमी बसवले तर मान लांबते. यंत्राच्या दृष्टीने सगळे बिनचूक. ते पाहून ‘हा आपला मयूरपंख नव्हे’ असे म्हणणारा डोळा माणसाचाच लागतो.

९/ आता सोलापूर. १८७७ मध्ये सुरू झालेली ‘जुनी गिरणी’ आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांनी शहराला कामगारांचे शहर केले. त्याच काळात आणि त्याच्याही आधीपासून तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात आपले माग मांडले. १९५० मध्ये जुन्या गिरणीचा कारभार केंद्र सरकारने वटहुकमाने हाती घेतला. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि घटनेच्या अभ्यासकांना तो आजही वाचावा लागतो. भागधारकाच्या हक्कांची नोंद अशी कायमची राहिली. कार्ड पाडणाऱ्याच्या कौशल्याची नोंद ठेवायला कोणते न्यायालय असणार? गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादर छोट्या शेडमध्ये, यंत्रमागावर, तेलुगू, मराठी आणि कन्नड मिसळलेल्या बोलीत जगली.

१०/ त्या शेडमध्ये नक्षीकार चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर उभा करी. कार्ड पाडणारा ओळीओळीने तो कागद वाचून भोके पाडी. एकाने लिहिलेले दुसऱ्याने यंत्राच्या भाषेत उतरवायचे, अशी ही जोडी. पुढे पॉलिस्टरची ब्लँकेटे आली, सुती चादरीचा खप आटला, अनेक कारखानदार टॉवेलकडे वळले. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवले त्यांच्या कार्डांच्या माळा निरुपयोगी झाल्या. निरुपयोगी पुठ्ठ्याचा शेवट रद्दीच्या काट्यावर होतो, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

११/ आक्षेप यंत्र बदलण्याला नाही. जुन्या जकार्डखाली उभे राहून आठ-दहा तास तो खडखडाट आणि कापसाची धूळ सोसणाऱ्याला ‘परंपरा जपा’ असे लांबून सांगणे हा उद्धटपणा आहे. माळ बदलून नवी नक्षी चढवण्यात कामाचा वेळ जातो. फाइल क्षणात बदलते. पायथनच्या जुन्या आवृत्तीवर अडून बसलेल्यांना सुरक्षेची दुरुस्ती मिळेनाशी झाली, तसेच जुन्या मागाचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे हात दोन्ही मिळेनासे होतात. बदल व्हायलाच हवा होता. आक्षेप आहे तो बदलाची किंमत यंत्राच्या किमतीवरून मोजण्याला.

१२/ केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १ एप्रिल १९९९ रोजी सुरू झाली. तिचा गाभा होता यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या कर्जावर व्याजाची सवलत. योजना गैर नव्हती. पण यंत्राला पावती असते, बँकेला ती दिसते. पाचशे जुन्या नक्ष्या नव्या यंत्रावर नीट उतरवायला एका जाणत्या नक्षीकाराचे वर्ष जाईल, त्याची पावती कशी फाडायची? म्हणून ज्याला जमेल त्याने बाजारात खपणाऱ्या चार-दोन नक्ष्या नव्याने काढून घ्याव्यात आणि बाकीच्या विसराव्यात, हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. प्रत्येक मालकाच्या जागी तो शहाणपणाचाच आहे. सगळ्या शहराची बेरीज केली की मात्र ते एका ग्रंथालयाचे नुकसान होते.

१३/ महाराष्ट्राने असा प्रसंग पूर्वी पाहिलेला आहे. छापखाने आले, बाळबोध स्थिर झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून मावळली. निर्णय सोयीचा होता. छपाईला आणि शिक्षणाला त्याने मदतच झाली. परंतु पेशवे दप्तराचे रुमाल नव्या लिपीत आपोआप उतरले नाहीत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते केवढे काम होते! आणि तेही निवडकच. आज मोडी शिकायला वर्गात बसणारा तरुण खरे तर त्याच अपुऱ्या राहिलेल्या स्थलांतराचे काम करतो आहे. फरक एवढाच की मोडी कागद दप्तरखान्यात तरी राहिले.

१४/ कार्डे जपायची म्हणजे खोल्याच्या खोल्या पुठ्ठ्याने भराव्यात असे नाही. समजा, यंत्र ४०० आकड्यांचे आहे आणि नक्षी ९०० कार्डांची. म्हणजे ३,६०,००० ठिकाणी भोक आहे किंवा नाही. संगणकाच्या हिशेबाने ते ४५,००० बाइट होतात. मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खाते. प्रत्येक कार्डाचे सपाट, उजेडातले छायाचित्र काढले तर भोके ओळखण्याचे काम छोटी आज्ञावली करू शकते, आणि ती लिहिणारे विद्यार्थी सोलापुरातच आहेत.

१५/ मात्र नुसती भोके पुरत नाहीत, आणि हौशी जतनकर्ते चुकण्याचा धोका इथेच आहे. कोणती आकडी किती धाग्यांना आणि कोणत्या क्रमाने बांधली होती? नक्षी रुंदीत किती वेळा फिरत होती? इंचाला ताणा किती, बाणा किती, सूत कोणत्या नंबरचे? कडेचे धागे वेगळे चालत होते का? हे माळेवर कुठेही पाडलेले नसते. ते मागावर आणि माणसाच्या डोक्यात असते. ज्या पूरक साधनांवर एखादी आज्ञावली उभी आहे त्यांची यादी हरवली, तर ती वाचता येते पण चालवता येत नाही. कार्डांची तीच गत. त्यामुळे छायाचित्राइतकीच कार्ड पाडणाऱ्याची आणि माग बांधणाऱ्याची सविस्तर मुलाखत हवी, आणि ती तो ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत हवी. पूर्व भागातल्या कारागिराने तेलुगूत सांगितलेला शब्द प्रमाण मराठीत गुळगुळीत करून लिहिला, तर तेही एक चुकीचे रूपांतरच.

१६/ स्थलांतर बरोबर झाले हे ओळखायचे कसे? आज्ञावली नव्या भाषेत आणणारे लोक जुन्या व नव्या आवृत्तीला तेच काम देतात आणि दोन्हींची उत्तरे ताडून पाहतात. चादरीसाठी ताडून पाहण्याचे उत्तर हजारो घरांत घडी घालून ठेवलेले आहे. नव्या फाइलवरून निघालेला पहिला तुकडा जुन्या चादरीवर पसरायचा, पिसाऱ्यातले डोळे मोजायचे, मानेचा बाक पाहायचा.

१७/ जिथे माळ रद्दीत गेलीच आहे, तिथेही सगळे संपलेले नसते. विणीचे धागे मोजण्याचे भिंग ठेवून एकेका बाण्यावर कोणता ताणा वर आहे आणि कोणता खाली, हे लिहीत गेले की हरवलेली कार्डे कापडातूनच परत वाचता येतात. काम कंटाळवाणे आहे. ९०० ओळींच्या नक्षीला अनेक दिवस लागतील. अट एवढीच की चादर हाती असावी. आणि सुती चादर विरली की मराठी घरात तिचे काय होते ते सर्वांना माहीत आहे: आधी ती इस्त्रीखाली जाते, मग फाडून तिची फडकी होतात, आणि मोराचा अर्धा पिसारा मोरीच्या उंबऱ्याशी पायपुसणे होऊन पडतो.